तक्रारीच्या खाली 'प्रत माहितीसाठी' लिहू नका

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका कंपनीत लेखा विभागात आहे. न झालेल्या कामांची बिले पास होताना दिसतात. तक्रार केली तर नाव फुटेल का?

उत्तर : बऱ्याचदा नाव तक्रारदाराच्याच हातून फुटते. 2004 च्या केंद्राच्या ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाने तुमची ओळख गुप्त ठेवायची असते. त्यासाठी तक्रार बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवा. पाकिटावर ठळक 'पीआयडीपीआय' (या ठरावाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) लिहा, स्वतःचे नाव-पत्ता मात्र फक्त आतल्या कागदावर. ईमेल नको. निनावी तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही. आणि सरकारी सवयीने शेवटी 'प्रत माहितीसाठी' लिहून मंत्री, युनियन, वर्तमानपत्र अशी यादी जोडलीत, तर गुप्तता तिथेच संपली. मग ती साधी तक्रार ठरते.

हा ठराव आला तो सत्येंद्र दुबे यांच्या हत्येनंतर. महामार्ग प्राधिकरणातल्या या अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

प्रश्न : पण गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी 2014 चा कायदा आहे ना?

उत्तर : संसदेने मंजूर केला, 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमलाची अधिसूचना मात्र निघालीच नाही. त्या कायद्याची कलमे अर्जात टाकू नका.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. मलाही हेच लागू?

उत्तर : नाही. तो ठराव केंद्राच्या अखत्यारीतल्या कार्यालयांपुरताच. तुमच्यासाठी लोकायुक्त आहेत, आणि लाचेचे प्रकरण असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (1064). सापळा लावला तर तुम्ही साक्षीदार होता, तेव्हा नाव गुप्त राहील या भरवशावर जाऊ नका.

प्रश्न : (केंद्रीय कर्मचारी) तक्रारीनंतर दोन महिन्यांत माझी बदली झाली. आकसाने झाली हे कसे दाखवू?

उत्तर : तक्रारीमुळे छळ होत असेल तर आयोगाकडेच दाद मागता येते. पण नुसते 'आकसाने' म्हणून भागत नाही, तारखा बोलल्या पाहिजेत. तक्रार कधी टाकली, मेमो कधी आला, आधीचे गोपनीय अहवाल कसे होते, तुमच्या जागेवर कोण आले, हे एका कागदावर ओळीने मांडा. स्पीडपोस्टची पावती जपून ठेवा, कारण आयोग पोच देत नाही. मूळ फाइल मात्र घरी नेऊ नका, चौकशी उलट तुमच्यावरच लागेल.