बाळ १२ दिवसांचं आहे, दूध पिऊनही सारखं रडतं. अंगावर दूध कमी असेल का? वरचं दूध सुरू करू का?

"घरातले सगळे म्हणतात, तुझ्या अंगावर दूधच कमी आहे." तुमच्या प्रश्नातलं हे एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दूध पुरतंय का, वरचं सुरू करू का, आणि बाळाला रात्री सलग कसं झोपवायचं. शेवटच्या प्रश्नाचं आधी उरकते. बारा दिवसांचं बाळ रात्री सलग झोपत नाही आणि त्याला तसं झोपवूही नये. या वयात २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, त्यातले तीन-चार वेळा रात्रीच येणार. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्रीच जास्त असतं, म्हणून दूध वाढवायचं असेल तर रात्रीचं पाजणं सोडायचं नाही. झोपवताना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, जवळ उशी नको, सैल पांघरूण नको. झोपेबद्दल माझ्याकडे एवढंच आहे.

आता दूध. बाळ कधी रडतं, कसं रडतं, किती वेळ रडतं हे तुम्ही सविस्तर लिहिलंय. वजनाचा आकडा मात्र नाही, आणि दिवसाला शू किती वेळा होते तेही नाही. यात तुमची चूक नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही रडण्याकडेच बघत होते, कारण घरातलं प्रत्येक माणूस रडण्याकडेच बघत होतं. रडण्यावरून दूध मोजता येत नाही. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यांत जास्त असतं आणि मग उतरतं. अंगावर पिणारी आणि बाटलीने पिणारी, दोन्ही बाळं रडतात. संध्याकाळी दर अर्ध्या तासाला प्यायला मागणंही या वयात नेहमीचंच.

माझ्या मुलीचं जन्माचं वजन ३,०५० ग्रॅम होतं. पाचव्या दिवशी २,८००. तिथपर्यंत काळजीचं काही नव्हतं. पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या आकड्यावर येतं. पण अकराव्या दिवशी काटा २,७६० दाखवत होता. भरून यायच्या वेळेला वजन आणखी उतरलं होतं. ती पाऊण-पाऊण तास अंगाला लागून असायची, पिता पिता झोपायची आणि खाली ठेवलं की वीस मिनिटांत उठून रडायची. दिवसाला जेमतेम तीन लंगोट ओले होत. माझ्या निप्पलना भेगा पडून रक्त येत होतं. बाळ जवळ आणलं की मी दात घट्ट आवळून घ्यायचे. दुखतं असं सांगितलं की उत्तर यायचं, "सुरुवातीला दुखतंच, सगळ्यांनाच दुखतं."

सासूबाईंनी तीन मुलं वाढवली होती, त्यांचा शब्द घरात शेवटचा. त्या म्हणाल्या, "हिच्या अंगावर घोटभरसुद्धा दूध नाही." माझी आई फोनवर म्हणायची, "येईल गं, सगळ्यांना येतं." डॉक्टरांनी वजन बघितलं, बाळ तपासलं आणि म्हणाले, "नीट पाजत जा." तिघांची तीन मतं. पण मी पाजत असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून बघितलं कोणी? कोणीच नाही. हे मला आजही बोचतं.

अकराव्या रात्री दोन वाजता मला गाढ झोप लागली होती. ती उठली. नवऱ्याने मला उठवलं नाही. हॉस्पिटलमधून घरी येताना मिळालेल्या पिशवीत पावडरीचा एक छोटा डबा होता, त्यातून ६० मिली दूध बनवून त्याने बाटलीने पाजलं. ती चार तास झोपली. मी सहाला दचकून जागी झाले तेव्हा कपडे भिजलेले, छाती दगडासारखी घट्ट आणि ठणकत होती. बाहेर सासूबाई सांगत होत्या, "बघ, पोटभर मिळालं तर कशी झोपली! म्हणजे हिच्याकडे नव्हतंच."

दूधच नव्हतं तर छाती दगडासारखी कशाने झाली होती?

हा प्रश्न त्या दिवशी मला नीट मांडता आला नाही. मी नुसती रडले आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्याचं म्हणणं एकच, "ती उपाशी होती, तू दमली होतीस, मी काय करायचं होतं?" ती उपाशी होती हे त्याचं बरोबर होतं. पण दूध नाही, हे चूक होतं. दूध होतं, ते तिच्या पोटात जात नव्हतं. या दोन गोष्टी एकच समजल्या की पुढचे सगळे निर्णय चुकत जातात.

त्याच दुपारी मी बाळाला घेऊन पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेले. वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "तू पाज, मी बसते." पस्तीस मिनिटं बसल्या. मध्ये दोनदा कोणी बोलवायला आलं तर हातानेच थांब म्हणाल्या. मी बाळाला सोडवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या निप्पलकडे बोट दाखवलं. ते चपटं होऊन एका बाजूने तिरपं झालं होतं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं. म्हणजे बाळ नुसतं टोक चावून चोखत होतं. गालांना खळ्या पडत होत्या, टक-टक आवाज येत होता, आणि गिळण्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याचा अर्थ सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

मग त्यांनी शिकवलं. बाळ उताणं आणि मान वळवलेली, असं नाही. अख्खं बाळ कुशीवर, त्याचं पोट माझ्या पोटाला टेकलेलं. डोकं मागून दाबायचं नाही, खांद्यांमागे आधार द्यायचा. निप्पल बाळाच्या नाकासमोर. मग थांबायचं. मी थांबतच नव्हते, तोंड जरा उघडलं की घुसवत होते. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, आणि मग हनुवटी आधी टेकेल असं बाळाला पटकन छातीशी आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. सहाव्या की सातव्या प्रयत्नात जमलं. दुखलं नाही. आधी भराभर चोखणं झालं, मग पान्हा सुटला आणि चोखण्याची लय संथ झाली: एक ओढ, एक घोट, एक ओढ, एक घोट. तो घोटाचा आवाज मी बारा दिवसांत पहिल्यांदा ऐकला.

म्हणून तुमच्या घरच्यांच्या मताला मी किंमत देत नाही. दूध आहे की नाही हे बघण्याच्या जागा तीनच: पाजताना बाळाचं तोंड, बाळाचा लंगोट, आणि वजनाचा काटा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत, शू फिकट हवी, आणि शी काळी-हिरवी न राहता पिवळी व्हायला हवी. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढावं. हे होत असेल तर दूध पुरतंय, मग बाळ दिवसभर रडो. छाती मऊ वाटते म्हणून दूध कमी, पंपात दोनच चमचे आलं म्हणून कमी, बाटली दिली तर गटागट प्यायलं म्हणून कमी: हे तिन्ही निकष फेकून द्या. पोट भरलेलं बाळही बाटली पितं, कारण दूध आपोआप तोंडात पडत राहतं.

सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी होती. छाती भरलेली राहिली की दूध बनण्याचा वेग उतरतो, रिकामी झाली की वाढतो. बाळ नीट ओढत नव्हतं, त्यामुळे अकराव्या दिवसापर्यंत माझं दूध कमी झालंही असेल. पण तो परिणाम होता, कारण नव्हतं. नुसता डबा सुरू करून बाळाची पकड तशीच ठेवली असती तर आणखी पंधरा दिवसांनी त्यांचं वाक्य खरं ठरलं असतं.

आता वरच्या दुधाबद्दल. सिस्टरांनी डबा बंद करायला सांगितलं नाही, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. त्या म्हणाल्या, आधी बाळाचं पोट, मग बाकीचं. दर तीन तासांनी दोन्ही बाजूंनी पाजायचं, नंतर वरून ३० मिली, त्यात माझं काढलेलं दूध असेल ते आधी, कमी पडेल तेवढंच पावडरीचं. आणि मग १५ मिनिटं पंप. पहिले पाच दिवस असे काढले, मग वरचं कमी करत आणलं. एका फेरीला तास जायचा. वरचं पाजणं, भांडी उकळणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं नवऱ्याने केलं, हेही लिहायलाच हवं. विसाव्या दिवशी वजन ३,०८० होतं. पुढे मी तिला अडीच वर्षांपर्यंत पाजलं.

तरीही आजतागायत घरात चार माणसं जमली की गोष्ट अशी सांगितली जाते: "हिच्या अंगावर दूध नव्हतं, त्या रात्री डबा होता म्हणून पोर तगली." नवराही मान डोलावतो. मी अडीच वर्षं पाजलेलं त्या गोष्टीत कुठेच नसतं. डबा वाईट होता असं मी कधीच म्हटलं नाही. बाळ भुकेलं होतं, द्यायलाच हवं होतं. पण मला उठवायला हवं होतं. मी आधी पाजलं असतं, मग त्याने दिलं असतं. माझ्या शरीराबद्दलचा निर्णय मी झोपेत असताना झाला आणि सकाळी तो मला पुरावा म्हणून ऐकवला गेला. आणि तो डबा पिशवीत आलाच कसा? आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबतची आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्येच संमत केली आहे, आणि असे नमुने आईला द्यायचे नाहीत हे तिच्यात स्पष्ट आहे. एक डबा देण्याऐवजी कोणी अर्धा तास माझ्याजवळ बसलं असतं तर तो अकरावा दिवस आलाच नसता.

तुमचे यजमान हे वाचणार असतील तर त्यांना सांगते: पाजताना बाळाचा खालचा ओठ आणि हनुवटी आईला दिसत नाही, शेजारी बसणाऱ्याला दिसते. तिथे बसा. ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी टेकली आहे का, घोट ऐकू येतात का, ते बघा. ओले लंगोट लिहून ठेवा. "दूध कमी आहे" म्हणणाऱ्याला बाहेरच्या खोलीत तुम्हीच उत्तर द्या, ती बाळंतिणीची जबाबदारी नाही. आणि तिला न विचारता बाटली देऊ नका.

वरचं दूध द्यावं लागलंच तर डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. "पचायला हलकं" म्हणून पातळ केलेलं दूध बाळाला कुपोषित करतं. पाणी उकळून घ्या, पण मिसळताना ते ७० अंशांच्या खाली गेलेलं नको. आधी पाणी, मग सपाट केलेले चमचे, मग कोमट करून पाजा. उरलेलं टाकून द्या. वेगळं पाणी सहा महिन्यांपर्यंत नको, मध वर्षाच्या आत अजिबात नको. नाळ अजून पडली नसेल तर कोरडी ठेवा, तिला काही लावू नका.

काही गोष्टी मी आधीच लिहायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. काही जणींचं दूध खरोखरच कमी असतं: प्रसूतीत फार रक्त गेलं असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, थायरॉइडचा त्रास असेल, छातीची शस्त्रक्रिया झाली असेल. अशा वेळी कितीही नीट पाजलं तरी पूर्ण पुरेलच असं नाही, आणि पुरत नसेल तर वरचं दूध हाच योग्य निर्णय असतो. बाळाची जीभ खालून बांधलेली असेल तरीही पकड जमत नाही, ते तपासून घ्या. बाळ पाजायला उठतच नसेल, मलूल असेल, शू अगदी कमी किंवा विटकरी रंगाची होत असेल, पिवळेपणा वाढत असेल किंवा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आत्ता डॉक्टरांकडे जा. आणि तुम्हालाच दिवसभर रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मी सांगितलं नव्हतं.

उद्या सकाळी बाळाचं कपडे काढून वजन करा आणि तीन दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा. मधल्या दिवसांतले ओले लंगोट कागदावर मांडा. दोन्ही आकडे मला कळवा, आणि पाजताना शेजारी बसून बघणारं माणूस मिळालं का, तेही.