बाबांचं गिटार बनवायचं वर्कशॉप बंद करतोय, हत्यारं आणि लाकूड कसं विकावं?

तुम्ही लिहिलंय की बाबांचे हात आता थरथरतात, दिवाळीपर्यंत गाळा रिकामा करून द्यायचाय आणि एक भंगारवाला सगळं एकरकमी उचलायला तयार आहे. त्याला आधी नाही म्हणून सांगा. मी पुण्यात एकोणीस वर्षं गिटारी बनवल्या, दुरुस्त केल्या, आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा २०२१ मध्ये वर्कशॉप बंद केलं, त्यामुळे हे सगळं माझ्या हातून गेलेलं आहे, चुकांसकट.

विकायची जाहिरात नंतर. आधी मार्कर आणि मास्किंग टेप आणा, बाबांना खुर्चीत बसवा आणि एकेक फळी त्यांच्या हातात द्या. लाकूड कोणतं, कधी घेतलं, कुठून आणलं, कशासाठी ठेवलं होतं, ते सांगतील तसं टेपवर लिहून त्याच फळीवर चिकटवा. कंटाळवाणं काम आहे, आम्हाला चार संध्याकाळी लागल्या असत्या आणि मी त्या दिल्या नाहीत. आवराआवर चालू असतानाच आईला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, मेहुणा वर्कशॉपवर बसला, एक माणूस आला, ह्या पाईनच्या पातळ फळ्या कितीला म्हणाला आणि मेहुण्याने दीड हजारात देऊन टाकल्या. ते स्प्रूसचे, म्हणजे गिटारच्या टॉपला (पुढच्या पाटीला) लागणाऱ्या लाकडाचे, नऊ सेट (जोड्या) होते हो, दहा-बारा वर्षं सावलीत सुकलेले. मेहुण्याला कसा दोष देणार, नवख्या माणसाला स्प्रूस आणि पाईन सारखंच दिसतं आणि मी त्यावर एक अक्षर लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या माणसाने त्यांची कपाटाची पाठ केली. अजून आठवलं की पोटात तुटतं.

लाकडाची किंमत त्याच्या माहितीत असते, हे मला तेव्हा कळलं. बिनचिठ्ठीची फळी वखारीच्या भावाने जाते, घनफुटावर नाहीतर वजनावर. तीच फळी "स्प्रूस, २००९, गिटारच्या टॉपसाठी" असं लिहिलेली असेल तर बनवणारा माणूस सेटचा भाव देतो. माझ्या उरलेल्या सगळ्या लाकडाला भंगारवाल्याने आठ हजार सांगितले होते, तेच लेबलं लावून सुटं विकलं तर बासष्ट हजार आले, वेळ लागला पाच महिने.

सेट म्हणजे एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडलेली दोन पानं, गिटारचा टॉप किंवा बॅक त्या जोडीतून होतो. ही जोडी कधी फोडू नका, सुतळीने बांधून ठेवा, एक पान हरवलं तर दुसऱ्याला कोणी विचारत नाही. फोटो काढताना टोकाचा नक्की काढा, कारण घेणारा आधी तिथेच बघतो, रेषा उभ्या असतील तर लाकूड चांगलं चिरलंय, आडव्या तिरक्या असतील तर भाव उतरतो. आणि एक व्हिडिओ करा, पान वरच्या कोपऱ्याजवळ दोन बोटांत हलकं धरून लटकवायचं आणि मधे बोटाच्या पेराने टक केलं की चांगलं स्प्रूस घंटेसारखं वाजतं, आवाज थोडा रेंगाळतो. ज्याला कळतं तो तो व्हिडिओ बघून फोन करतो.

शिसव, म्हणजे रोझवुड, असेल तर नीट वाचा. बाबांना आठवत नसेल की ते शिसवच आहे का, तर एका पांढऱ्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन पुसून बघा, आपल्या शिसवाचा जांभळट रंग फडक्यावर उतरतो आणि रंधा मारला की गोडसर वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. ह्या लाकडाला बाहेर खूप मागणी आहे, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलचं रोझवुड सोडून आपलं भारतीय धरलं आणि नंतर सगळं जग त्याच वाटेने गेलं. म्हणून तुम्हाला परदेशातून मेसेज येतील, दुप्पट पैसे देतो, पार्सल करा म्हणून. करू नका. ब्राझीलचं सोडून शिसवाची सगळी जात जानेवारी २०१७ पासून साइटिसच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, २०१९ मध्ये सूट मिळाली ती तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना, कच्च्या फळीला नाही. कागदपत्रांशिवाय पाठवलं तर पार्सल जप्त होतं आणि वर कारवाई. इथल्या इथे विका आणि बाबांनी जपलेल्या जुन्या पावत्या असतील तर झेरॉक्स घेणाऱ्याला द्या.

तूनचं लाकूड निघालं तर मिरजेला विचारा. तिथे सतार आणि तंबोरे तूनचे करतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआयही (भौगोलिक मानांकन) मिळालं. माझ्याकडच्या गिटारच्या गळ्यासाठी, म्हणजे दांडीसाठी, ठेवलेल्या तूनच्या जाड तुकड्यांना गिटारवाले नको म्हणत होते, मिरजेचे एक काका एसटीने आले, प्रत्येक तुकडा नखाने खरवडून, वास घेऊन बघितला आणि सगळे घेऊन गेले. घासाघीस जवळजवळ नाहीच.

हत्यारांचं तेवढं अवघड नाही. बँडसॉ, ड्रिल मशीन, सँडर हे फर्निचरवाले आठवड्यात उचलतात, फक्त मोटर किती एचपीची, सिंगल फेज की थ्री फेज ते लिहा आणि चालू करून दाखवा. रंधे, पटाश्या, कानशी घासूनपुसून, धार लावून विका, गंजलेला रंधा जुन्या बाजारात रविवारी ज्या भावाने जातो त्याच्या तिप्पट भाव धार लावलेल्याला येतो. फ्रेटची (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची) करवत, बेंडिंग आयर्न (गिटारच्या बाजू गरम करून वाकवायचं), रेडियस डिश (टॉप-बॅकला गोलाई द्यायची तबकडी), फ्रेट वायरची वेटोळी हे मात्र सुतारांना दाखवू नका, त्यांना उपयोग नाही आणि ते उगाच भाव पाडतात, गिटार दुरुस्त करणाऱ्यांनाच विचारा.

राहिले साचे आणि जिग (काम पकडून ठेवायच्या चौकटी). प्लायवुडचे, वेडेवाकडे दिसणारे, पेन्सिलने आकडे लिहिलेले. ह्यांना पैसे येत नाहीत आणि खरं सांगायचं तर वर्कशॉपमधली सगळ्यात जास्त मेहनत त्यांच्यातच असते. ते सुटे करू नका. बाबांकडून प्रत्येकावर स्केल, म्हणजे तारेची लांबी, लिहून घ्या, ६५० मिमीचा कोणता, छोट्या गिटारचा कोणता, आणि सगळे मिळून एकाच शिकणाऱ्याला द्या. मी माझे सांगलीच्या एका मुलीला दिले, ती दुरुस्तीची कामं करायची, आता त्याच साच्यावर तिसरी गिटार चाललीये, मधूनमधून फोन करून विचारते की इथे खूण का केलीये. बाबांनाही असे फोन येऊ देत.

पावसाळ्यात लाकूड पाठवायची वेळ आली तर प्लास्टिकने घट्ट गुंडाळा आणि घेणाऱ्याला सांगा की उघडून महिनाभर खोलीत पट्ट्यांवर ठेव, लगेच पातळ करायला घेऊ नको, नाहीतर वाकलं की तुम्हालाच बोलणार. लॅकर आणि थिनरचे डबे कुरिअरने अजिबात नाहीत, ते जवळच्या पॉलिशवाल्याला देऊन टाका.

लेबलं लावताना एखाद्या फळीबद्दल बाबाही अडले तर तिच्या टोकाचा, सपाट बाजूचा आणि स्पिरिट लावलेल्या फडक्याचा असे तीन फोटो टाका, मी बघतो.