तिथं दळण कुठं टाकायचं?

चिंचवडला समुपदेशनाचं काम करताना दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. मार्च-एप्रिल हे शाळाप्रवेशाचे आणि नोकऱ्या बदलण्याचे दिवस. फोन लातूर, परभणी, सोलापूर, जळगावहून असतो आणि बोलणं साधारण तेच: "मॅडम, तिकडं नोकरी मिळतेय. सगळं सोडून यावं का?" बहुतेकांना माझ्याकडून हो किंवा नाही ऐकायचं असतं. ते मी देत नाही. पण "तुमचं तुम्हीच ठरवा" म्हणून फोन ठेवणंही मला पटत नाही. म्हणून एका कुटुंबाची हकिगत जरा सविस्तर सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

महेश छत्तीस वर्षांचा, लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिस सुपरवायझर. पगार सव्वीस हजार. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातून त्याला पंचेचाळीस हजारांची ऑफर आली होती. त्याची बायको सुजाता विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं शिकवत होती. मुलगी ईश्वरी तिसरीत. महेशची आई सदुसष्ट वर्षांच्या. लातुरात स्वतःचं बैठं घर, पुढं अंगण, शिवाय सुजाताच्या सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला गावाबाहेरचा एक प्लॉट. बेत असा होता की प्लॉट विकायचा, त्या पैशांत मोशीला टू बीएचके बुक करायचा आणि जूनला सगळ्यांनी यायचं.

पहिलं सत्र व्हिडिओ कॉलवर झालं. फोन कपाटाला टेकवून ठेवला होता. महेश आणि सुजाता नीट दिसत होते, आजींचा मात्र फक्त एक हात आणि तुळशीच्या माळेचं टोक. मी त्यांना मधे बसायला सांगितलं. "मला काय विचारता माय," आजी म्हणाल्या, "लेकरं जातील तिकडं मी." आणि परत होत्या तिथंच बसल्या.

महेशचं म्हणणं पगारापुरतं नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, उद्या हे शोरूम बंद पडलं तर लातुरात मला दुसरं दार नाही. चाकणला एक कंपनी गेली तर शेजारी दुसरी असंल." हा मुद्दा मला फार वजनदार वाटतो. वाढत्या शहरात माणूस एका नोकरीसाठी येतो, पण खरं हाती लागतं ते पुढच्या चार नोकऱ्यांचं अंतर. चाकण परिसरात बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन असे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरवणारे लहान कारखाने त्याहून कितीतरी जास्त. हातात कसब असलेल्या माणसाला हा आधार लहान गावात मिळत नाही. मी फक्त एवढंच विचारलं की ही नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टवर. त्यानं ऑफर लेटर पुन्हा काढून वाचलं. पहिलं वर्ष ठेकेदारामार्फत होतं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

सुजाता म्हणाली, "ईश्वरीच्या शिक्षणासाठी." मी जरा थांबले, कारण दहावीनंतर 'नीट'च्या तयारीसाठी इतर जिल्ह्यांतली मुलं लातूरला खोल्या करून राहतात. शिक्षणासाठी लोक ज्या गावाला येतात, त्याच गावातून ही बाई शिक्षणाचं कारण सांगून निघाली होती. तसं विचारल्यावर तिनं महेशला पाणी आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाली, "खरं सांगू का मॅडम? मला दर रविवारी बारा माणसांचा चहा करायचा कंटाळा आलाय. कुठं गेलीस, का गेलीस, दुसरं मूल का नाही. सगळ्यांना सगळं सांगायचं."

या कारणाला कुणी कमी लेखू नये. नव्या शहराचा हा मोठा फायदा आहे, पण तो पगाराच्या आकड्यासारखा कागदावर मांडता येत नाही. बीड जिल्ह्यातून आलेली एक तरुण विधवा मला म्हणाली होती, "वाकडला आले त्या दिवशी सोसायटीच्या लिफ्टमधे चौघीजणी होत्या. कुणी माझ्या कपाळाकडं बघितलं नाही." हे सांगताना ती रडत होती. तिच्यासाठी शहर म्हणजे तेवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

दुसऱ्या सत्रात पाण्याचा विषय निघाला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला पाजावं लागलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ते दिवस या घरानं काढले आहेत. त्यामुळे महेश सहज म्हणाला, "तिकडं आल्यावर पाण्याचा तरी त्रास सुटंल." मला त्याला थांबवावं लागलं. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी आहे, पण 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. आणि मोशी, चिखली, चऱ्होलीकडच्या नव्या इमारतींत उन्हाळ्यात टँकरची रांग मी स्वतः पाहते. शहर वेगानं वाढतं तेव्हा आधी इमारत उभी राहते, मग टँकर येतो, मग रस्ता, आणि जलवाहिनी सगळ्यात शेवटी. 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. नळ काही त्या वेगानं वाढत नाहीत.

म्हणून फ्लॅट बघायला येणाऱ्यांना मी सांगते, रविवारी येऊ नका. रविवारी सगळे रस्ते मोकळे दिसतात. कामाच्या दिवशी, सकाळी पाळी सुटायच्या-भरायच्या वेळी, मोशीहून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत स्वतः गाडी चालवून बघा. सॅम्पल फ्लॅट बघून झाल्यावर शेजारच्या, राहत्या सोसायटीच्या वॉचमनजवळ पाच मिनिटं उभं राहा आणि एप्रिलमध्ये दिवसाला किती टँकर लागले ते विचारा. बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा कधीचा लिहिलाय ते वाचा. आणि पहिलं वर्ष भाड्यानं राहा. याबाबत माझं मत ठाम आहे. घर विकत घेतलं की माणूस चूक झाली असं कबूल करू शकत नाही. हप्ता त्याला गप्प बसवतो.

तिसरं सत्र प्रत्यक्ष झालं. चौघंही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आले होते. अशा वेळी मी एक साधी गोष्ट करायला लावते. रेघी वही घ्यायची, प्रत्येकासाठी एक पान, आणि नव्या गावातला एक साधा मंगळवार लिहायचा. सण नाही, सुट्टी नाही, मंगळवार. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासानं. शहराबद्दल बोलताना सगळे स्वप्नातलं बोलतात किंवा भीतीतलं बोलतात. मंगळवार लिहायला बसलं की दुधाची पिशवी कोण आणणार इथपासून सुरुवात होते.

महेशचं पान भराभर भरलं. सुजाताचं सकाळी दहापर्यंत भरलं आणि मग ती पेन धरून बसली, कारण तिची नोकरी त्या पानावर कुठंच नव्हती. अकरा वर्षांची नोकरी या बेतात मोजलीच गेली नव्हती, तिनं स्वतःसुद्धा. "मिळंल की तिकडं शाळा," ती म्हणाली. तिची नजर वहीतच होती.

आजींचं पान मी लिहायला घेतलं. सकाळी हरिपाठ, आंघोळ, जेवण. दुपारी पडायचं. "आणि चार वाजता काय करणार, आजी?"

"बसंन की गॅलरीत."

"मग?"

खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिथं दळण कुठं टाकायचं?"

महेश हसून म्हणाला, "आई, तिकडं पिशवीतलं पीठ मिळतंय, फोनवर मागवलं की घरी." मी त्याला हातानंच थांबवलं. दळणाबद्दल सांगा म्हटलं. आठवड्यातून एकदा, पाच किलो जवारी, डबा काखेत. गिरणीच्या वाटेवर तीन घरं. पहिल्या घरी आजारी मैत्रीण, तिची चौकशी. दुसऱ्या घरी निरोपाची देवघेव. तिसऱ्या ओट्यावर बसून दळण होईस्तोवर वाती वळायच्या. गिरणीवाल्याला त्यांचं पीठ कसं लागतं ते सांगावं लागत नाही. सगळं मिळून दीड तास. "तेवढंच मी घराबाहेर माझी जाती," आजी म्हणाल्या. "मंदिरात काय, हे लोक सोडतेत गाडीवर."

सुजातानं वहीत सासूच्या पानावर चार वाजण्यासमोर 'दळण' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

म्हातारी माणसं शहरात आल्यावर खंगतात, असं लोक म्हणतात आणि कारण 'करमत नाही' इतकंच सांगतात. माझ्या अनुभवात करमण्यापेक्षा कामाचा प्रश्न मोठा असतो. गावात त्यांच्याकडे एखादं असं काम असतं, जे त्यांच्याशिवाय होत नाही. शहरात ते आपण फोनवरून मागवतो आणि त्यांची सोय केली असं समजतो.

त्या दिवशी ठरलं ते असं. प्लॉट विकायचा नाही. महेशनं जूनमध्ये एकट्यानं यायचं, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहायचं आणि रोलवर घेतात का ते बघायचं. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी येऊन राहायचं आणि मग पुन्हा वही उघडायची.

ही योजना मीच सुचवली होती, आणि तिची किंमत मला पुरती दिसली नव्हती. महेश महिन्यातून दोनदा लातूरला जाई आणि रविवारी रात्री परत निघे. ऑगस्टपासून ईश्वरीचं रविवारी संध्याकाळी पोट दुखू लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. बाबा निघायच्या आधी दुखायचं आणि सोमवारी दुपारी थांबायचं. सुजातानं मला ते सप्टेंबरमध्ये सांगितलं. आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. घर सावधपणे हलवायचं म्हणून ते दोन ठिकाणी ठेवलं, तर त्या फटीत कोण उभं राहतं हे बघणं माझं काम होतं. आता अशा कुटुंबांना मी दर पंधरा दिवसांनी मुलांबद्दल वेगळं विचारते. आठ-नऊ वर्षांचं मूल गाव बदलणं तसं लवकर पचवतं, तेरा-चौदाचं नाही. पण अधांतरी राहणं दोघांनाही पचत नाही.

दिवाळीत सगळे मोशीला नातेवाइकांकडे उतरले. आजींना एकदाच एकटीनं खाली सोडलं. गिरणी महामार्गाच्या पलीकडे होती. त्या रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या आणि डबा घेऊन परत आल्या. घरी कुणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे माउलींच्या दर्शनाला आळंदीला गेले. समाधीमंदिरातून बाहेर पडल्यावर आजींनी महेशला विचारलं, "इथून तुझी कंपनी किती लांब?"

मोशीहून जेवढी, जवळपास तेवढीच.

"मग इथं बघा की खोली."

इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून केलेली ही पहिली सूचना. आम्ही सगळे 'पुणे, पुणे' म्हणत होतो. पुण्याच्या पोटात आळंदी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

महेशला फेब्रुवारीत कंपनीनं रोलवर घेतलं. एप्रिलमध्ये आळंदीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गिरणी मागच्या गल्लीत आहे. सगळं गोड झालेलं नाही. इंद्रायणीच्या पाण्यावर फेस येतो आणि तो बघून आजींचा जीव तुटतो. कार्तिकीला गाडी गावाबाहेर लावून महेशला चालत घरी यावं लागतं. ईश्वरीचं पोट मे महिन्यानंतर दुखलेलं नाही.

सुजाता मात्र महिन्यातून एकदा माझ्याकडे येते. तिला शाळा मिळाली, पण पगार लातूरपेक्षा कमी आणि वर्ग बालवाडीचा. लातुरात भाजीवालीसुद्धा तिला 'मॅडम' म्हणायची. "रविवारी आता कुणी येत नाही," ती मागच्या वेळी म्हणाली. "पहिले दोन महिने लई बरं वाटलं. मग मला ताप आला, पाच दिवस. आत्याबाईंनी केलं सगळं. पण दारात कुणी आलं नाही हो." या घराच्या स्थलांतराची सगळ्यात मोठी किंमत तिनं मोजली आहे आणि अजून मोजते आहे. महेशच्या पगारवाढीत ती भरून निघत नाही, हे मी त्या दोघांसमोर स्पष्ट बोलले. महेशला ते लागलं. पण त्यानंतर त्यानं तिच्या बी.एड.च्या प्रवेशाची चौकशी स्वतः केली.

प्लॉट अजून विकलेला नाही. मार्चमध्ये वही घेऊन चौघांनी पुन्हा बसायचं ठरलं आहे. मधल्या काळात सुजाताला रोज तिचं पान लिहायला सांगितलं आहे. दुपारी तीन ते पाच या ओळी अजून कोऱ्या आहेत. तिथून आम्ही पुढच्या सत्राला सुरुवात करणार आहोत.