पहिल्या व्हीआयपी इंटरव्ह्यूला जाताना

बेटा,

तुझा मेसेज वाचला. नागपूरच्या अधिवेशनात रामगिरीवर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर, कॅमेरा करायचाय आणि सिक्युरिटीवाले बॅटऱ्यापण काढायला लावतात म्हणून तुला राग येऊन राहिला. नको रागावू. ९ सप्टेंबर २००१ ला अफगाणिस्तानात अहमद शाह मसूदला मारलं ते टीव्हीवाले बनून आलेल्या दोघांनी, इंटरव्ह्यू घ्यायला म्हणून समोर बसले आणि स्फोटकं त्यांच्या शूटिंगच्या सामानातच होती. हे ज्याला माहीत आहे तो आपली बॅग उघडणारच ना बाप्पा. त्यानं म्हणायच्या आधीच कॅमेरा ऑन कर, थोडं रेकॉर्ड करून प्लेबॅक दाखव. म्हणजे चार्ज बॅटरी गेटवरच लागलेली पाहिजे. मल्टीटूल, कटर घरी ठेव, केबल चिकटवायचा गॅफर टेप हातानं फाटतो.

आता मेन गोष्ट. बीडीडीएसनं, म्हणजे बॉम्बशोधक पथकानं, खोली तपासली, कुत्रं फिरून गेलं, की ती खोली आपली राहत नाही. बाहेर गेलास तर परत आत सोडतीलच असं नाही, आणि पाहुणा बसल्यावर तर स्टँड इंचभर हलवायला पण कोणाकडे तरी बघावं लागतं. म्हणून सगळं तपासणीच्या आधी उरकायचं, आपला एक माणूस खुर्चीत बसवून फ्रेम, फोकस, लाइट सगळं लावून घे, हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा, जरा जास्त ठेव कारण पाहुणा उंच निघू शकतो, शटर १/५० वर, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. पडदे बंदच करून घे. डिसेंबरात उजेड लवकर उतरतो आणि खिडकीच्या भरवशावर केलेलं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचं सेटिंग, अर्ध्या तासात बोंबलतं. सिग्नल अडवणारा जॅमर असला तर वायरलेस माईकचा काही नेम नाही, वायरचा लेपल, म्हणजे कॉलरला लावायचा माईकच लाव, कॅमेरा अडॅप्टरवर चालव आणि बॅटरी पण लावून ठेव, रेकॉर्डिंग दोन्ही कार्डांवर एकदमच. पाणी कमी पी, हे मी सिरियसली सांगून राहिलो.

माईक कोण लावणार ते पीएला आधीच विचार, स्वतःहून पाहुण्याच्या कॉलरला हात नको. मध्येच बॅगेत हात घालायची वेळ आली तर जवळच्या जवानाला आधी सांग, मग हात घाल, आणि हळू. घाईत वाकलास तर तो धावणारच, त्याला त्याचंच ट्रेनिंग आहे.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. कटअवेच्या, म्हणजे मध्ये जोडायच्या इकडच्यातिकडच्या शॉट्सच्या, नादात गार्डचे चेहरे, गेट, सीसीटीव्ही, गाड्यांचा ताफा कधीच टिपायचा नाही, प्रोड्यूसर म्हणाला तरी नाही. ती माणसं तिथं ड्यूटी करून राहिली, घरी त्यांची पण लेकरं आहेत, एका शॉटमधून कोण कुठं उभं राहतं ते बाहेर कळतं. स्टेटस टाकायचा नाही, ठिकाण सांगायचं नाही, मित्रांना पण नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांना मी माझ्या टीमवर घेत नाही, मग फ्रेमिंग कितीही भारी असो.

शूट झाल्यावर लगेच आवरायला लागू नको, पाहुणा आणि ताफा निघेपर्यंत जागेवर थांब, मग लाइट बंद कर. रविवारी धरमपेठेत ये, वायरचा लेपल आणि माईकची लांब एक्सएलआर केबल माझ्याकडून घेऊन जा, तुमच्या ऑफिसच्या सामानात ती असेलच असं नाही.

तुझा,
दादा