वाचकांचे प्रश्न : विहीर, शोषखड्डा आणि नळाचे पाणी

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. परसातल्या विहिरीपासून सुमारे वीस फुटांवर शौचालयाचा शोषखड्डा आहे व तो पावसाळ्यात पाण्याने भरतो. विहिरीचे पाणी मात्र नितळ दिसते. ते प्यावे काय? सेप्टिक टँक बांधल्यास प्रश्न सुटेल काय?

उत्तर : खड्डा पाण्याने भरतो ही आपण दिलेली माहितीच निर्णायक आहे. शोषखड्ड्यातील पाणी कोरड्या मातीतून सावकाश झिरपते तेव्हा त्यातील रोगजंतू मातीत अडकतात आणि कालांतराने मरतात. यासाठी खड्ड्याचा तळ व भूजलाची पातळी यांत सुमारे 2 मीटर कोरडी माती असावी लागते. मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या कणकुंबी परिसरात पाऊस इतका पडतो की श्रावणापर्यंत भूजल जमिनीलगत येते आणि खड्डा अक्षरशः भूजलातच उभा राहतो. त्यातच जांभ्या दगडात भेगा व पोकळ्या असल्यामुळे बारीक मातीसाठी सांगितलेली अंतरे येथे लागू पडत नाहीत. नितळपणा डोळ्यांना पटतो, पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पावसाळ्यात हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

सेप्टिक टँकविषयी आपल्याकडे अवाजवी विश्वास आहे. टाकीत मैला तळाशी बसतो एवढेच. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते आणि ते कोठेतरी सोडावेच लागते. ते गटारात सोडले तर आपल्या घरचा प्रश्न खालच्या आळीत जातो. जागा असल्यास खड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर आणि उताराच्या बाजूस हलवावा. जागा नसल्यास खड्डा उथळ घेऊन जोत्यासारखा वर उचलावा, त्याचा तळ पक्का बंद करावा आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा. खर्च वाढतो हे खरे, पण कावीळ-विषमज्वराच्या एका आजारपणाचा खर्च घरातल्यांना ठाऊक असतोच.

विहिरीला कठडा आणि भोवती सांडपाणी बाहेर वाहून नेणारा सिमेंटचा ओटा हवा. टीसीएल पावडर (क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर) टाकण्याचा हिशेब सोपा आहे : दर 1000 लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास 3 मीटर व पाण्याची खोली 4 मीटर असेल तर पाणी सुमारे 28,000 लिटर भरते, म्हणजे पावडर 70 ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावी व बादली खालीवर करून पाणी ढवळावे. हे काम संध्याकाळी करावे आणि पाणी सकाळी वापरावे. तोंड उघड्या पोत्यातील पावडरचा जोर महिन्याभरात उतरतो. पुष्कळ ठिकाणी विहिरीत नुसता चुनाच पडत असतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्च होते, हेही लक्षात ठेवावे. कर्नाटकात ‘मने मनेगे गंगे’ (घरोघरी गंगा) या नावाने राबवल्या जाणाऱ्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या पंचायतीत त्या पाच जणी कोण आहेत आणि तपासणीचे साहित्य कोठे ठेवले आहे, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी विचारावे.

प्रश्न : आम्ही बेळगाव शहरात राहतो. पाणी काही दिवसांआड येते व पहिली दहा मिनिटे गढूळ असते. गरीब देशात चोवीस तास पाणी ही चैनच नव्हे काय?

उत्तर : चैन नव्हे, चोवीस तास पाण्याचा मुख्य लाभ शुद्धतेचा आहे. राकसकोप किंवा हिडकलचे पाणी शुद्ध करून सोडले तरी पुरवठा थांबताच वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतून, भेगांतून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटर लावणारे शेजारी ही ओढ आणखी वाढवतात. हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारच्या पुरवठ्याचे नळ तपासले गेले तेव्हा खंडित पुरवठ्याच्या नळांत विष्ठेतील जंतू कितीतरी अधिक वेळा आढळले. बेळगावच्याही काही प्रभागांत 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने अखंड पुरवठा सुरू झाला होता. प्रश्न तो उरलेल्या शहरात नेण्याचा आहे.

श्रीमंती ही त्याची अट नाही, याचे उदाहरण कंबोडियाचे नामपेन्ह. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या या शहरात 1993 साली सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे 72 टक्के पाण्याचा पैसा येत नव्हता. तेथील पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख एक सोन चान (‘एक’ हे आडनाव) यांच्या कारकिर्दीत गळत्या बुजवल्या गेल्या, बेकायदा जोडण्या तोडल्या गेल्या, मीटर बसले, बड्या थकबाकीदारांकडूनही वसुली झाली आणि ते प्रमाण सुमारे 6 टक्क्यांवर आले. पुरवठाही चोवीस तास झाला. आपल्याकडे मीटर म्हटले की मोर्चा निघतो. मात्र नवे पाणी आले की पिंपातले शिळे पाणी ओतून देण्यात किती पाणी जाते, हे कोणी मोजत नाही.

तोवर पहिले पाणी अंगणासाठी वेगळे काढावे, पिण्याचे उकळावे, आणि आपल्या घराची नळजोडणी गटारातून आडवी गेली आहे काय ते स्वतः पाहावे. गेली असल्यास ती गटाराच्या वरून वळवून घेण्याचा खर्च फारसा येत नाही.

प्रश्न : शोषखड्डा भरला आहे, पण उपसायला माणूस मिळत नाही. काय करावे?

उत्तर : मिळू नये हेच योग्य आहे. माणसाकडून हाताने मैला उपसून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. शेजारी दुसरा खड्डा खणून मैला तिकडे वळवावा आणि भरलेला खड्डा झाकून दोन वर्षे तसाच ठेवावा. त्यात पावसाचे किंवा जमिनीचे पाणी शिरत नसेल तर त्या मुदतीनंतर आत कोरडे, वास नसलेले खत मिळते व ते फावड्याने काढून आंब्याच्या बुंध्याशी घालता येते.