पाट्या टेबलावर, पैसे मात्र अडकलेले

प्रश्न: भांडुपच्या एका वाचकाने घरच्या छोट्या सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणारं कोरकामाचं यंत्र) लोअर परळच्या एका कंपनीला ६० दुरंगी टेबल-पाट्या कोरून दिल्या. वर काळा, आत पांढरा. कंपनीच्या यादीतच नऊ नावं चुकलेली होती. नमुना पाहून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ आलं होतं. चार पाट्यांची अक्षरं एका कडेला पुसट आहेत. पाट्या रोज वापरात आहेत. दोन महिने झाले, १८,००० रुपयांचं बिल ‘चुका आहेत’ म्हणून थांबलंय.

उत्तर: ‘पाट्या रोज वापरात आहेत’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमची बाजू तिथेच भक्कम होते. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४२ सांगतं की, माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळेत नाकारला नाही, तर तो स्वीकारला असंच धरायचं. मग दोषापुरती रक्कम कापता येते, अख्खं बिल अडवता येत नाही.

नावांचा दोष तुमचा नाही. दुरंगी शीटचा वरचा पातळ थर एकदा कापला गेला की तो परत बसत नाही. नमुना मंजूर करून घेतात तो त्यासाठीच. ते चॅट जिवापाड जपा, फोन बदलू नका. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

पुसट चार पाट्या मात्र तुमच्याच. शीट सपाट बसली नाही की व्ही-बिट (कोरायचं टोकदार पातं) एका कडेला वरवर फिरतो आणि पांढरं उघडं पडत नाही. हे ग्राहकाने का सोसावं? त्या याच आठवड्यात नव्याने करून द्या आणि माल पोचल्याच्या चलनावर सही घ्या.

माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) झाली होती का? असेल तर २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा मोठा आधार आहे. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत, ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली होती का, तेही तपासा. नोंदणी नसेल तर दिवाणी दावा आहेच. साधारणपणे डिलिव्हरीपासून ३ वर्षांची मुदत.

आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. बिल नंबर, चलनाची तारीख आणि तो ‘ओके’ कोणी, कधी दिला, हे तिच्यात हवंच.