गेंड्याचे जंत शिकायचेत? आधी गोठ्यात जा

भाऊ, काझीरंगा कुठं पळून जात नाही. आधी आपल्या चोपडा गावातल्या गोठ्यातली म्हैस बघ. तिच्या शेणातली जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आली की मगच गेंड्याच्या लिदीला हात घाल.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- लीद ताजी हवी, तीही मातीला न लागलेली. गेंडे ठरावीक जागी लीद टाकतात, एकाच ढिगावर अनेक जण. त्यात शिळी उचललीस तर मातीतलेच कृमी मोजत बसशील. नवखे इथंच फसतात.
- मिठाच्या दाट पाण्यात गोलकृमींची अंडी तरंगतात, पर्णकृमींची, म्हणजे पानासारख्या चपट्या जंतांची, जड अंडी तळाशी बसतात. दोन्ही बघ.
- गोचीड नखानं चिरडू नको. चिमट्यानं काढ, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव.

अंडी दिसली म्हणजे जनावर आजारी, हे डोक्यातून काढ. रानातल्या गेंड्याला जंत असणारच. आफ्रिकेतल्या गेंड्यांच्या जठराला तर जायरोस्टिग्मा माशीच्या अळ्या चिकटून वाढतात. आफ्रिकेतली सगळ्यात मोठी माशी ती! मला गेंड्यापेक्षा तिचंच कौतुक जास्त.

डीएनएवरून जंत ओळखायचं नंतर बघू. राष्ट्रीय उद्यानातली लीदसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलता येत नाही, तो अर्ज मात्र आत्ताच टाक.